जमावबंदी म्हणजे आंदोलनबंदी नव्हे

‘१४४ लागू झाले, आता पाच माणसे एकत्र दिसली की अटक’ हा समज मोर्चाच्या प्रत्येक हंगामात नव्याने फिरतो. मुळात फौजदारी प्रक्रिया संहितेतील ते जमावबंदीचे कलम १४४ हे १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाले असून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. आणि पाचाचा आकडा जुन्या कलमात नव्हता, नव्यातही नाही. तो बेकायदा जमावाच्या व्याख्येतला आहे, आणि तिथेही केवळ संख्या पुरत नाही, जमावाचा उद्देशही बेकायदा असावा लागतो.

महाराष्ट्रात बहुधा पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालीच मनाई आदेश निघतो. तो आदेश मुळातून वाचावा. लाठ्या, दगड, प्रतिमा जाळणे असे तपशील त्यात सापडतात, आणि मुंबईतल्या आदेशांत लग्नाची वरात नि अंत्ययात्रा चक्क वगळलेल्या असतात. शासनाच्या मंजुरीशिवाय असा आदेश १५ दिवसांपलीकडे टिकत नाही.

काश्मीरमधील निर्बंधांविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कलम १४४ चा वापर रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी करता येणार नाही, आदेशात कारणे नमूद असली पाहिजेत, तो प्रसिद्ध झाला पाहिजे आणि तेच तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. अर्थात लागू असलेला आदेश मोडल्यास गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. त्याला आव्हान द्यायचे ते न्यायालयात.