फाशी, देहदंड आणि क्रूस

दरवर्षी गुड फ्रायडे जवळ आला की माझ्या टेबलावर ते वाक्य येतंच: 'येशू ख्रिस्ताला फाशी देण्यात आली.' मुद्रितं तपासताना मी ते किती वेळा खोडलं, याची मोजदाद नाही. यंदा एका पुरवणीसाठी आलेल्या लेखात तर एकाच परिच्छेदात येशूला आधी फाशी दिली होती, मग सुळावर चढवलं होतं आणि शेवटी देहदंड दिला होता. तोच शब्द पुन्हा नको म्हणून लेखकाने तीन शब्द आलटून पालटून वापरले. पण हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

फाशीबद्दल पुणेकराला फार सांगायला नको. चापेकर बंधूंना १८९८-९९ मध्ये येरवड्यात फाशी दिली, जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना १९८३ मध्ये तिथेच, कसाबला २०१२ मध्ये तिथेच. दोर, गळा, खटका. देहदंड ही शिक्षा आणि फाशी हा ती देण्याचा एक प्रकार. आज आपल्या कानावर तो एकच प्रकार पडतो म्हणून दोन्ही शब्द एक वाटू लागले. पेशवाईतल्या पुण्यात असं नव्हतं. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, त्यात देह कसा ठेवायचा ते नव्हतं. विठोजी होळकरांना १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, त्याला कुणी फाशी म्हणत नाही. कडेलोट, गर्दन मारणं, तोफेच्या तोंडी देणं, प्रत्येकाला आपला शब्द होता. एवढं ध्यानात ठेवलं की पहिली चूक सुटते.

खरा घोळ पुढचा आहे आणि तो चांगल्या जाणकारांच्या लेखनातही सापडतो. क्रुसावर चढवणं हा देहदंडाचा एक प्रकार, एवढं कळलं की माणसं तिथेच थांबतात. मग 'क्रुसावर चढवलं' याचा अर्थ आपोआप 'ठार मारलं' असा धरला जातो. इथे मला प्रत्येक वेळी पेन्सिल खाली ठेवून लेखकाला फोन करावा लागतो. देहदंड या शब्दात मरण आहे. माणूस जिवंत असेल तर देहदंड झाला असं म्हणताच येत नाही. 'क्रुसावर चढवलं' यात मरण नाही. माणसाला लाकडाला खिळलं किंवा बांधलं आणि सगळ्यांना दिसेल असं उभं केलं, की ते क्रियापद पुरं झालं. तो मेला का, कधी मेला, यासाठी वेगळं वाक्य लागतं.

ही नुसती व्याकरणाची गोष्ट नाही. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर योसेफस या ज्यू इतिहासकाराला क्रुसावर टांगलेल्या कैद्यांमध्ये आपल्या ओळखीचे तिघे दिसले. त्याने रडत रोमन सेनापती टायटसकडे रदबदली केली, तिघांना खाली उतरवलं, औषधोपचार झाले. दोघे गेले, एक वाचला. तो वाचलेला माणूस क्रुसावर चढलेला होता, पण त्याला देहदंड झाला असं कसं लिहिणार? उलट बाजूही आहे. सामोस या ग्रीक बेटाचा सत्ताधीश पॉलिक्रेटिस आधी मारला गेला आणि मग त्याचं प्रेत टांगलं गेलं, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. म्हणजे मेलेल्यालाही चढवता येतं. फिलिपीन्समध्ये पांपांगा प्रांतात आजही गुड फ्रायडेला काही माणसं नवस म्हणून हातापायांत खिळे ठोकून घेतात आणि थोड्या वेळाने खाली उतरतात.

इतक्या लांब जायचं नसेल तर आपला मांडव्य ऋषी घ्या. चोरांनी लूट त्याच्या आश्रमात लपवली, राजाने त्यालाही चोर ठरवून सुळी दिलं, आणि तो सुळावरही जिवंत राहिला. राजाने चूक कळल्यावर त्याला उतरवलं, पण सूळ उपटून निघेना, तो कापावा लागला. टोक अंगातच राहिलं म्हणून नाव पडलं अणिमांडव्य. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हा फरक खरं तर जड जाऊ नये.

कायद्यालाही तो ठाऊक आहे. म्हणून तर निकालात 'मरेपर्यंत फाशी' असं म्हणतात. फाशी या शब्दात मरण आपोआप आलं असतं, तर 'मरेपर्यंत' कशाला लागलं असतं?

रोमनांना क्रूस हवा होता तो ठार मारण्यापेक्षा जास्त काहीतरी करण्यासाठी. नुसता जीव घ्यायचा तर तलवार होती. परंपरेनुसार येशूचा शिष्य पीटर याला क्रूस मिळाला आणि धर्मप्रचारक पॉलचा शिरच्छेद झाला, कारण पॉल रोमन नागरिक होता. देहदंड दोघांनाही, क्रूस एकालाच. क्रूस गुलामांसाठी, बंडखोरांसाठी, ज्यांची इज्जत रस्त्यावर उतरवायची त्यांच्यासाठी. स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसं टांगली होती. मरायला कित्येक तास, कधी काही दिवस लागत. म्हणूनच येशू इतक्या लवकर मेला हे ऐकून रोमन सुभेदार पिलाताला नवल वाटलं, असं बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात आहे. योहानाचं शुभवर्तमान सांगतं की शेजारच्या क्रुसांवरच्या दोघांचे पाय मोडले. मरण लवकर यावं म्हणून वेगळं काही करावं लागत होतं, यातच सगळं आलं.

लाकूड T आकाराचं होतं की अधिक चिन्हासारखं, खिळे होते की दोर, यावर लोक तावातावाने भांडतात. दोन्ही प्रकार होते, पुढे चला.

देहदंडाला इंग्रजीत 'एक्झिक्यूशन' म्हणतात, त्या शब्दाचा मात्र एक त्रास आहे. त्याचा मूळ अर्थ अंमलबजावणी. शिवाजीनगर कोर्टात दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी जो अर्ज करतात त्याला वकील 'दरखास्त' म्हणतात, इंग्रजीत तेही एक्झिक्यूशनच. म्हणून शिक्षा सुनावली त्या दिवशी 'फाशी झाली' लिहू नका. कसाबला शिक्षा सुनावली मे २०१० मध्ये, फाशी दिली २१ नोव्हेंबर २०१२ला. मधली अडीच वर्षं त्या दोन शब्दांत गिळून टाकू नयेत.

मग लिहायचं काय? 'सूळ' नको, सूळ शरीरात घुसतो, क्रुसावर शरीर टांगतात. मराठी बायबलमध्ये 'वधस्तंभ' आहे. प्रार्थनेत तो शब्द रुळलेला आहे आणि तिथे तोच शोभतो. इतिहास लिहिताना मी तो बदलते, कारण 'वध' हा शब्द आधीच मरण सांगून मोकळा होतो आणि वर सांगितलेला सगळा फरक पुसला जातो. मला 'क्रूस' हवा. पोर्तुगीजांकडून आलेला असला तरी आता तो आपलाच आहे.

गुरुवार पेठेत पंचहौदाजवळ राहणाऱ्या एका मावशींकडे मी पूर्वी मुद्रितं वाचून दाखवायला जायची. एकदा 'फाशी' माझ्या नजरेतून सुटली. मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. "अगं, फाशीत गळा आवळतात. मग येशूच्या शिष्याने, थोमाने, त्याच्या हातातले खिळ्यांचे वण कशाला बघायला मागितले असते?"

त्या मुद्रितावर दुरुस्ती त्यांनीच केली. फाशीवर काट मारून समासात, थरथरत्या हाताने, 'क्रुसावर खिळले'.