दुहेरी बॅटरी व्यवस्था (बोटीवरील)

इंजिन सुरू करायला एक आणि दिवे, पंप, रेडिओ, फ्रिज यांना दुसरी, अशा दोन बॅटऱ्यांचा वीजवापर वेगळा पण चार्जिंग एकाच आल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) ठेवणारी जोडणी. गोव्यात मांडवी, झुवारी, शापोरा या नद्यांत हौसेने बोटी फिरवणारे बरेचदा नांगर टाकून तासन्‌तास थांबतात. इंजिन बंद, बाकी सारे चालू, अशा वेळी ही व्यवस्था उपयोगी पडते.

मांडवी आणि झुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात दुपारी नांगर टाकला, फ्रिज सरासरी 4 अँपियर घेतो आहे आणि गाणी आणखी 4 अँपियर, असे धरू. सहा तासांत 48 अँपियर-तास गेले, म्हणजे 100 अँपियर-तासांची बॅटरी जवळजवळ निम्मी उतरली. तीच एकुलती एक असेल, तर सांजवेळी किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नुसता टकटक करण्याची शक्यता असते. लहान आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन) दोरी ओढून सुरू होते, मोठे होत नाही. त्याच बॅटरीवरचा, मदत मागायचा व्हीएचएफ रेडिओही मग भरवशाचा राहत नाही. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना ओहोटीने बंद इंजिनाची बोट तिकडे ओढली जाणे हा जिवावरचा प्रसंग आहे. म्हणून दुसऱ्या बॅटरीला चैनीची वस्तू समजू नये.

दोन्ही बॅटऱ्या दिसायला सारख्या, पण घडण वेगळी. स्टार्टिंग बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते. दिवे-फ्रिजसाठीच्या डीप सायकल बॅटरीच्या पट्ट्या जाड असतात आणि ती हळूहळू उतरणे सोसते. तरीही शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, आयुष्य झपाट्याने घटते. स्वस्त पडते म्हणून दोन्हीकडे गाडीची बॅटरी टाकली, तर दिवे-फ्रिजकडची लवकर निकामी होते.

दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडतात, धन टोके मात्र वेगळी राहतात. ती जोडण्या-तोडण्याची जुनी सोय म्हणजे 'एक, दोन, दोन्ही, बंद' असा फिरवायचा स्विच. यात खोट माणसाच्या विसरभोळेपणाची: रात्री तो 'दोन्ही'वर राहिला की सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या. इंजिन चालू असताना 'बंद'वर नेला, तर आल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळू शकतात. त्यापेक्षा व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बरा. इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण 13.3 च्या वर गेले की तो दुसरी जोडतो, 12.8 च्या आसपास उतरले की तोडतो. लक्षात ठेवण्याचे ओझे उरत नाही. लिथियम बॅटरी घ्यायची तर मात्र मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच, कारण ती इतका प्रवाह ओढते की आल्टरनेटर तापून जळू शकतो.

प्रत्येक धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. बिल्ज पंप (बोटीच्या तळाचे पाणी उपसणारा) मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर जोडावा, म्हणजे बोट धक्क्याला रिकामी उभी असतानाही पावसाचे पाणी उपसले जाते. बॅटरीच्या खोक्यात हवा खेळती हवी, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, आणि खोके पट्ट्याने आवळलेले हवे.

गोव्यातली खारी दमट हवा तांब्याची वैरी आहे. साध्या तारेच्या टोकाचे वेष्टन सोलून पाहिले तर आतले तांबे काळेहिरवे पडलेले आणि बोटाने चुरगळणारे आढळते. म्हणून कल्हई केलेली तार, आतून गोंद सुटणारी उष्णतेने आवळणारी नळी आणि टोकांवर ग्रीस हे अत्यावश्यक.

जून ते सप्टेंबर बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. उष्ण हवेत शिशाची बॅटरी वापराविनाही उतरते आणि उतरलेली ठेवली तर पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट होतात. दोन्ही बॅटऱ्या बोटीतून काढून महिन्याला व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावावा. काही तास न वापरलेल्या, चार्जरवर नसलेल्या बॅटरीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 च्या खाली गेली की लगेच चार्जरवर लावावी.