टाचेचे वाढलेले हाड आणि टाचेचे दुखणे

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, थोडे चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा उमटते. अशा रुग्णाच्या एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाखाली पुढे झुकलेले काट्यासारखे टोक दिसले, की तेच टोक मांसात रुतत असणार, अशी त्याची समजूत होते. ही समजूत दूर करणे मला उपचाराइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही असे टोक आढळते आणि टाच असह्य दुखणाऱ्या कित्येकांमध्ये ते मुळीच नसते.

दुखण्याचे मूळ बहुधा प्लांटर फॅशिया या चिवट पट्ट्यात असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत पसरलेला हा पट्टा तळपायाची कमान तोलून धरतो. वाढलेले वजन, दिवसभराचे उभे राहणे, आखडलेल्या पोटऱ्या किंवा अचानक वाढवलेले धावणे यांमुळे त्याच्या टाचेकडील टोकावर वारंवार ताण येतो आणि तेथील तंतू झिजतात. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, अंगठ्याने दाबल्यास नेमके दुखते; पायाचा अंगठा वर उचलल्यास पट्टा ताणला जाऊन कळ वाढते. निदानासाठी बहुतेक वेळा एवढे पुरते. मात्र टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची, मुंग्या येत असतील तर मज्जातंतू दाबला गेल्याची आणि तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल तर संधिवाताची तपासणी करायला हवी.

उपचारात व्यायामाला पहिले स्थान आहे. पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटे नडगीकडे ओढावीत, 10 सेकंद धरावीत आणि असे 10 वेळा करावे. दिवसातून तीनदा हा क्रम ठेवावा. भिंतीला हात टेकून पोटरीही ताणावी. मऊ टाचेची, कमानीला आधार देणारी पादत्राणे घरातही वापरावीत. बर्फाचा शेक आणि वेदनाशामक गोळ्या तात्पुरता आराम देतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते, पण त्याने पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असल्याने ते वारंवार घेऊ नये.

बहुसंख्य रुग्ण 6 ते 12 महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. दुखणे थांबल्यावर काढलेल्या एक्स-रेमध्येही ते टोक बहुधा जागच्या जागी दिसते.