जुनी गाडी अडखळते? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी रेस दिल्यावर क्षणभर गप्प बसते, मग झटका देऊन निघते. कुणी मिसिंग म्हणतं, कुणी पिकअप गेला म्हणतं, कुणी सरळ "गाडी वढत नही" सांगतं. आमच्या गॅरेजमध्ये अशा गाड्या येतात तेव्हा पुष्कळदा नवे प्लग आणि नवा पेट्रोल पंप आधीच बसलेला असतो, पण दुखणं जागच्या जागीच. हा पैसा केवळ अंदाजापायी जातो. तो वाचावा म्हणून हे पत्रक.

गाडी आणण्याआधी एकच गोष्ट नीट बघा: ती नेमकी कधी अडखळते? मशीन लावण्याआधी आम्हाला हे उत्तर हवं असतं.

सकाळी थंड इंजिनवर अडखळते आणि गरम झाल्यावर सुधारते, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) साचलेला कार्बन, कूलंटचा टेम्परेचर सेन्सर किंवा कुठूनतरी ओढली जाणारी जादा हवा, असा आमचा पहिला संशय. उलट थंडपणी छान आणि तापल्यावर त्रास, तर इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), क्रँक सेन्सर (इंजिन कसं फिरतंय ते सांगणारा) किंवा पंप. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा या तक्रारी वाढतातच. त्यातच टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळे. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांनी ही सवय सोडावी, ही कळकळीची विनंती.

सपाटीवर ठीक, पण एसी लावून पाच माणसं घेऊन लळिंगचा किंवा कन्नडचा घाट चढताना दम तोडते? मग इंजिनाला मागणीइतकं पेट्रोल पोचत नसेल. तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप. बऱ्याच इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत सुमारे ३ बार दाब लागतो. तो आम्ही गेज लावून, इंजिनावर लोड असताना मोजतो, कारण उभ्या गाडीत थकलेला पंपही पुरेसा दाब दाखवू शकतो. दाब बरोबर निघाला तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) चोक झालाय का, ते बघायचं.

चढावर आरपीएमचा काटा वर पळतोय पण गाडी मागेच, असं असेल तर इंजिन निर्दोष आहे. क्लच प्लेट घसरतेय.

प्लग काढले की ते फेकू नका, आम्हाला दाखवा. कोणता प्लग कोणत्या सिलेंडरचा, हेही लक्षात ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, पांढरंफटक म्हणजे बहुधा हवा जास्त, तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाला न जाता बाहेरूनच बॉडीला उतरतेय. जुन्या गाडीत टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून प्लगच्या खड्ड्यात ऑइल भरतं आणि कॉइलचं रबर फुगतं. तिथे नवे प्लग टाकून उपयोग नाही, आधी पॅकिंग बदला.

एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून बघा. त्याच्या घड्यांत खालच्या बाजूला भेगा असतात. गाडी उभी असताना त्या मिटलेल्या, रेस दिल्यावर इंजिन हललं की उघडतात. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही हवा न मोजताच आत शिरते. इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारं रबर) खचलेलं असेल तर भेग आणखी वाढते. पाइपचा खर्च थोडा, पण हे तपासायचंच बरेचदा राहून जातं.

आपल्याकडे कापसाच्या हंगामात शेतरस्त्याला किंवा जिनिंगकडे रोज गाडी जात असेल, तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बघा.

सीएनजी असेल तर दोन्ही इंधनांवर चालवून बघा. सीएनजी पेटवायला ठिणगी जोरकस लागते, म्हणून कमजोर प्लग-कॉइल आधी तिथे उघडे पडतात. फक्त पेट्रोलवर अडखळत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर.

डिझेल गाडीचं गणित वेगळं: फिल्टरमधलं पाणी, कार्बनने अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा फाटलेला होज. काळा धूर येत असेल तर नक्की सांगा.

स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणाऱ्या मशीनबद्दल, थोडं स्पष्ट बोलतो. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी०३०१ एवढंच सांगतो की एक नंबर सिलेंडर मिस होतोय. त्याची कॉइल दोन नंबरला लावून बघायची. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, नाही तर शोध पुढे चालू. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. तो बघून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. बिचारा सेन्सर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. कारण हवेच्या गळतीत किंवा कमी दाबात सापडतं.

पंधरा वर्षांचं पासिंग पुढे वाढवायचं असेल आणि खर्च मोठा दिसत असेल, तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तपासून घ्या. एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. इंजिनाचं काम करायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

थंडपणीची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जा. सकाळचा पहिला स्टार्ट आम्हाला स्वतः मारायचा असतो. बदललेल्या पार्टची बिलं आणि काढलेले जुने पार्ट सोबत आणा, आणि कुणाला कोड पुसू देऊ नका.