दुभाजक, कठडा आणि पुलाचा खांब

कोल्हापूर परिसरात, विशेषतः शिरोलीपासून कागलपर्यंतच्या महामार्गावर, रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या भिंतीला सरसकट ‘दुभाजक’ म्हटले जाते. निविदेत तीच ‘क्रॅश बॅरियर’ असते आणि पुलावर गेली की ‘कठडा’ होते. हा घोळ केवळ शब्दांचा नाही. दोन दिशांची वाहतूक वेगळी ठेवणाऱ्या भिंतीने चाक वळवून दिले की तिचे काम बहुतांशी संपते. पुलाच्या खांबापुढच्या भिंतीला वाहनाचा वरचा भागही खांबापासून दूर ठेवावा लागतो.

आज परिचित असलेला आकार पहिल्या कामासाठी घडला. कॅलिफोर्नियातील घाटउतारावर 1946 मध्ये मधोमध काँक्रीटची भिंत आली. न्यू जर्सीत 1955 साली उभारलेली भिंत जेमतेम 45 सेंटिमीटरची होती. 1959 पर्यंत ती 81 सेंटिमीटरवर गेली. तळाशी 55 अंशांचा उतार आणि वर जवळजवळ उभी बाजू अशी ती रचना होती. लहान कोनात आलेले चाक उतारावर चढावे आणि पत्र्याला फारसा धक्का न लागता गाडी रस्त्यावर परतावी, हा त्यामागचा हिशोब होता.

वाद झाला तो या दोन उतारांच्या सांध्यावरून. सांधा रस्त्यापासून 33 सेंटिमीटरवर असल्याने लहान मोटारी फार वर चढत आणि उलटण्याचा धोका वाढे. पुढे ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत नावे दिलेले आकार संगणकावर पडताळले गेले आणि सांधा सुमारे 25 सेंटिमीटरवर आणणारा ‘एफ’ सरस ठरला. त्या अक्षरामागे याहून मोठे रहस्य नाही. तरीही त्याचा स्वीकार रखडला, कारण ठेकेदारांचे पैसे जुन्या आकाराच्या साच्यांत गुंतले होते. सुरक्षिततेचा प्रश्न लोखंडी साच्यांपाशी अडावा, हे प्रस्तुत लेखकाला समर्थनीय वाटत नाही. टेक्सासमधील एकसलग उताराच्या भिंतीने सांधाच काढून टाकला. रस्त्यावर डांबराचे थर चढले तरी तिचा आकार बदलत नाही.

खांबाचा प्रश्न मात्र उंचीचा आहे. गळीत हंगामात उसाने भरलेला ट्रक 81 सेंटिमीटरच्या भिंतीवर आदळला, तर चाके अडली तरी केबिन आणि मोळ्या भिंतीपलीकडे झुकतात. भिंत खांबाला लागून असेल तर खांबावरची धडक टळत नाही. म्हणूनच अमेरिकी पूल-संहितेत भिंत खांबापासून सुमारे 3 मीटरच्या आत असल्यास 1.37 मीटर आणि त्याहून दूर असल्यास 1.07 मीटर उंची सांगितली गेली. जवळच्या भिंतीसाठीचे अंतर नंतर कमी करण्यात आले. भारतात सुरक्षा-अडथळ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे 2015 मध्ये आली.