ताट आणि पंगत: बहुसांस्कृतिक शिक्षण कशाला म्हणायचं, सामाजिक न्यायाचं कशाला

शिक्षकांच्या मेळाव्यांची निमंत्रणं व्हॉट्सॲपवर येतात, त्यांत हल्ली दोन नावं कायम जोडीनं असतात: 'बहुसांस्कृतिक शिक्षण व सामाजिक न्याय'. मधला तो 'व' इतका सवयीचा झालाय की दोन्ही एकच, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. मी नागपुरात पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. वर्गात कुणाच्या घरी छत्तीसगढी, कुणाच्या घरी उर्दू, कुणाकडे हिंदी, कुणाकडे आपली 'काहून बे'वाली नागपुरी. आपला वर्ग आपोआपच बहुसांस्कृतिक आहे, तेव्हा न्यायही होतच असेल, अशी माझी समजूत. ती मोडली एका डब्यानं.

शाळेत आम्ही 'घरोघरीचा डबा' केला होता. प्रत्येकानं आपल्या घरची खासियत आणायची, मधल्या सुट्टीत सगळ्यांनी वाटून खायची, फळ्यावर 'विविधतेत एकता'. सूचनेचा कागद मीच लिहिला. शेवटची ओळही माझीच: डबा शाकाहारीच असावा. मला ती ओळ 'विद्यार्थ्यांनी गणवेशात यावे' इतकीच साधी वाटली होती. सहावीतला एक मुलगा रिकाम्या हातानं आला. सुटल्यावर त्याची आई फाटकापाशी थांबली होती. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी खास म्हनलं तं मटन, नाहीतं सुकट. तुमी म्हनता घरचं आना, अन् मंग म्हनता ते आनू नका. मंग पोरानं काय आनाव?" मी हसून वेळ मारून नेली. ग्रुपवर फोटो गेले: साबुदाण्याची खिचडी, ढोकळा, झुणका, शेवया, पुरणपोळी. खाली टाळ्यांचे बाहुले.

घरी जाताना रस्त्यात तीन सावजी भोजनालयांच्या पाट्या लागल्या. त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचल्या. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं तिखट रस्स्याचं हे जेवण आज नागपूरची ओळख म्हणून मिरवतं, मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की आपण त्यांना आधी तिथंच नेतो. हॉटेलात ते चालतं. शाळेच्या डब्यात मात्र मी त्याला बंदी घातली होती.

पुढच्या रविवारी एका विहाराच्या सभागृहात शिक्षकांची बैठक होती. पंधरा-सोळा जण, सतरंजी, स्टीलच्या पेल्यात चहा. तिथं मी हा किस्सा सांगितला, खरं तर हसण्यासारखा म्हणून. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुम्ही ताटात काय-काय आलं ते मोजलं. पंगत कोणी बसवली, ते नाही पाहिलं."

त्यांचं ते वाक्य मी तेव्हापासून वापरते. बहुसांस्कृतिक शिक्षण विचारतं, ताटात काय आहे? कुणाची भाषा, कुणाचे सण, कुणाच्या गोष्टी, कुणाची माणसं वर्गात आली? सामाजिक न्यायाचं शिक्षण विचारतं, पंगत कशी बसली? यादी कुणी केली, वाढणारे कोण, पहिल्या पंक्तीला कोण, आणि उष्टी कोण काढतं? ताट भरलेलं असून पंगत वाकडी असू शकते. माझी तशीच होती.

संविधानातही या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी सापडतात. अनुच्छेद २९ नागरिकांच्या कुठल्याही गटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. ३५०(क) प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगतो. हे ताट. अनुच्छेद १५ भेदभावाला मनाई करतो, १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि ४६ तर दुर्बल घटकांचं 'सामाजिक अन्याया'पासून संरक्षण करा, असं राज्याला स्पष्टच सांगतो. ही पंगत. (१७ या आकड्यापाशी शिक्षक नेहमी गोंधळतात. शिक्षण हक्क कायद्यातही कलम १७ आहे, ते शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घालतं. मुलाला त्याच्या जातीवरून वर्गात टोमणा मारला, तर मला वाटतं दोन्ही १७ वाचून दाखवावेत.)

मुळात या दोघांचं भांडण नव्हतं. अमेरिकेत नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातल्या कृष्णवर्णीय आणि इतर विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून एथनिक स्टडीजचं, म्हणजे वंश आणि वांशिक समूहांच्या अभ्यासाचं, स्वतंत्र कॉलेज निघालं. तिथल्या बहुसांस्कृतिक शिक्षणाची मुळं अशा लढ्यांत आहेत, फूड फेस्टिव्हलमध्ये नाहीत. त्या शाखेचे मोठे अभ्यासक जेम्स बँक्स यांनी चार पायऱ्या मांडल्या. पहिली, थोर माणसं आणि सण साजरे करणं. दुसरी, आहे त्या अभ्यासक्रमाला एखादा धडा जोडणं. तिसरी, तोच विषय दुसऱ्याच्या बाजूनं पाहायला शिकणं, म्हणजे अभ्यासक्रमाचा सांगाडाच बदलणं. चौथी, मुलांनी विचार करून काही कृती करणं. शाळा पहिल्या दोन पायऱ्यांवर बसून राहिल्या आणि वरच्या दोन पायऱ्यांसाठी हळूहळू 'सामाजिक न्याय' हे वेगळं नाव रूढ होत गेलं, असं माझं वाचन आहे. तिकडच्या शिक्षकांनाही ते एकट्यानं जमलं नाही. मिलवॉकीतल्या शिक्षकांनी १९८६ मध्ये 'रीथिंकिंग स्कूल्स' हे नियतकालिक काढलं, ते अशाच एकत्र बसण्यातून.

आपल्याकडे घोळ आणखी निराळा आहे. महाराष्ट्रात 'सामाजिक न्याय' म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे आधी एक सरकारी विभाग येतो, मग वसतिगृह, मग शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि बँक खात्याला जोडलेलं आधार. २६ जूनला शाहू महाराजांची जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून होते. १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणाऱ्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत करणाऱ्या राजाच्या नावे दिवस असणं योग्यच. पण शाळेत त्याचा अर्थ 'लाभार्थ्यांची यादी' एवढाच उरतो. वर्गात आवाज येतो, "एससीच्या मुलींनी उभं राहा, फॉर्म भरायचाय." पैसे न्यायाचे, आणि देण्याची रीत बघा कशी. ही घोषणा मीही केलीय. आता पालकांना निरोप पाठवते. त्याला पाच मिनिटं जास्त लागतात, बस.

आता एकच विषय दोन्ही पद्धतींनी शिकवून बघू. पारधी समाजाचं एक मूल वर्गात आहे. बहुसांस्कृतिक तासाला मी त्याच्याकडून त्याच्या बोलीतले दहा शब्द घेईन, फळ्यावर लिहीन, वर्ग ते म्हणेल, मूल खुलेल. चांगलंच आहे, आणि कमी लेखू नये: आपला शब्द फळ्यावर पाहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर बसलेलं मी पाहिलंय. पण त्याच आठवड्यात कुणाची कंपासपेटी हरवली, तर पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींतली माणसं जन्मानंच चोर ठरवली, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, आणि कंपासपेटीच्या वेळी मात्र वर्गात परत हजर. हे पाहणं, आठवीच्या मुलांना तो कायदा सांगणं आणि दप्तरं तपासायचीच असतील तर आधी मॉनिटरच्या दप्तरापासून सुरुवात करणं, हा न्यायाचा तास.

गोंडीचंही तसंच. हे शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, हे इथली मुलं पाठ म्हणतात. राजाचा अभिमान सोपा असतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली, तरी ती आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत, नाही. आणि गोंडी घरातलं मूल प्रमाण मराठीत अडखळलं की आपण प्रगतिपुस्तकात 'वाचन कच्चे' लिहून मोकळे होतो. कच्चं कोण, मूल की आमची तपासणी, हा प्रश्न राजाच्या जयंतीला कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं: निमंत्रण आलं की आतला कार्यक्रम यांपैकी कुठला, ते कसं ओळखायचं? मी आधी पत्रिकेतला वेळ बघते. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी 'खुली चर्चा (१० मि.)' असेल, तर तो ताटाचा कार्यक्रम. तिथं लेझीम छान होते, वेशभूषा होते, शाल मिळते, ओळखी होतात. मी जाते. शिक्षकाला शाबासकीही लागते, त्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.

पंगतीचा कार्यक्रम बहुतेक वेळा पत्रिकेविनाच असतो. रविवारच्या आमच्या बैठकीत मंच नसतो. एक जण वर्गातली एक घटना सांगतो, मुलाचं नाव बदलून. बाकीचे आधी फक्त प्रश्न विचारतात, सल्ला नाही. हा नियम पाळायला आम्हा शिक्षकांना किती जड जातं, ते विचारू नका. मग कुणी कायदा काढतं: शिक्षण हक्क कायद्याची कलमं ८ आणि ९ वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकतात, तर अर्ज कुणाच्या नावे करायचा? कुणी मजकूर लिहितं. वस्तीतल्या दोन-तीन आया असतात, त्या आम्हाला जमिनीवर आणतात. "तुमी पोराले समजावू नका, त्या बाईले समजावा," असं एकदा एका मावशीनं सुनावलं, ती बाई म्हणजे आमच्यातलीच एक शिक्षिका होती. दार लावून बसण्याचं कारणही साधं आहे. एकट्या शिक्षकानं हा विषय काढला की पालकांची तक्रार, वरिष्ठांचा फोन, बदलीची भीती. पंधरा जणांना ठाऊक असलं की भीती वाटून घेतली जाते.

संविधान दिनाचं काय, असं विचाराल. नागपूर जिल्हा परिषदेत ई. झेड. खोब्रागडे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना २००५ मध्ये शाळांतून उद्देशिका वाचली जाऊ लागली, आणि पुढे ते लोण राज्यभर गेलं. या शहराला त्याचा अभिमान असावा. मात्र नुसतं सामूहिक वाचन या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. पाचवीतल्या मुलीनं वाचून झाल्यावर 'दर्जाची समानता म्हणजे काय?' असं विचारलं आणि शिक्षक थांबला, तर बसतं.

दोघांची खरी कुस्ती लागते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यावर मेळाव्यात कुणी बोलत नाही. सातवीनंतर मुलगी शाळेत येईनाशी झाली. घरी गेले तर उत्तर, "आमच्यात असंच असते." बहुसांस्कृतिक शिक्षण मला सांगतं, त्यांच्या रीतीचा मान राख. न्याय विचारतो, 'आमच्यात' म्हणजे कुणाच्यात? त्या मुलीला विचारलं का? जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध राज्यानं २०१६ चा कायदा केला, तो याच कोंडीतून. उलट, संस्कृती बाजूला ठेवून नुसता न्याय शिकवला तर मूल फक्त पीडित म्हणून उरतं. त्याच्या आजीच्या गोष्टी, गाणी, विणकाम, तिखट रस्सा, काहीच वर्गात येत नाही, येतो तो त्याच्यावर झालेला अन्याय. तेही त्याला नको असतं. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात ते काही दुःख मोजायला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं न्याय आणि नवी संस्कृती एकाच मैदानावर उभी राहिली होती. आमच्या शाळांना ती जोडी अजून जमलेली नाही.

यंदा पुन्हा 'घरोघरीचा डबा' ठरला. सूचनेतली ती शेवटची ओळ मी काढली. दोन पालकांचे फोन आले. मग वरून सुचवणी आली की वाद नको, ज्यांचा डबा मांसाहारी त्यांच्यासाठी व्हरांड्यात वेगळं टेबल लावू. सगळ्यांना तोडगा पटला, मुलाच्या आईलाही. मला सोडून. येत्या रविवारी केस माझी आहे. वहीत एवढंच लिहिलंय: टेबल कोणी मागितलं, आणि व्हरांड्यात कोण बसणार?