गुग्गुळ पोटात घेण्याआधी

गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा औषधी डिंक. रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात नुसता ‘गुग्गुळ’ मागितला, की तांबूस, चिकट खड्यांची पुडी हातात पडते. खडा फोडा, आत वाळू आणि सालीचे कपचे दिसतील. धुपाटण्यात घालायला हे चालते. गुडघेदुखीवर हाच खडा गिळणे मात्र चूक आहे. कच्च्या गुग्गुळाने पुरळ उठते, जुलाब होतात, पाळीत बिघाड होतो.

म्हणून वैद्य आधी शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करतात. खडे निवडून, फोडून कापडाच्या पोटलीत बांधायचे आणि पोटली त्रिफळ्याच्या काढ्यात अधांतरी टांगून उकळायची. ती बुडाला टेकली तर गुग्गुळ करपतो. विरघळलेला गुग्गुळ कापडातून काढ्यात उतरतो, घाण पोटलीत राहते. मग काढा आटवून, सुकवून, तुपाचा हात लावत कुटायचा.

पण शोधन झाले म्हणजे काळजी मिटली, असे नाही. निरोगी माणसांना गुग्गुळाच्या अर्काचा एकच ग्रॅम दिला, तरी प्रोप्रानोलोल आणि डिल्टियाझेम ही हृदयविकार-रक्तदाबाची औषधे रक्तात कमी उतरली. म्हणजे गोळी रोज घेऊनही दाब चढलेलाच राहू शकतो. कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्यांनी तर 2003 ची अमेरिकेतली चाचणी लक्षात ठेवावी. 103 जणांवर आठ आठवडे प्रयोग झाला. गुग्गुळ घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे वाढले आणि काहींना पुरळ उठले. गरोदरपणात गुग्गुळ नकोच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सर्वांत घातक गोंधळ नावाचा. गुग्गुळ घालून केलेल्या तयार गोळ्यांपैकी योगराज गुग्गुळ मुख्यतः वनस्पतींचा. ‘महायोगराज’मध्ये त्याशिवाय नागभस्म, म्हणजे शिसे, आणि रससिंदूर, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असते. ‘महा’ म्हणजे जास्त गुणकारी, असे समजून लोक स्वतःच्या मनाने तीच डबी उचलतात आणि महिनोन्‌महिने घेतात. शिसे हाडांत साठते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. पण साध्या अपचनासारखी वाटतात म्हणून दुर्लक्ष होते.

डबीवरची घटकांची यादी दुकानातच वाचा. ‘नाग’, ‘पारद’ (पारा), ‘रससिंदूर’ यांपैकी काही दिसले, तर वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नका. अशी गोळी बरेच दिवस पोटात गेली असेल, तर ती थांबवून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, आणि जाताना डबी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.